पिन कितें, बाब?

गोव्यातल्या पर्वरीचा पेट्रोल पंप, जुलैतला तिरका पाऊस, आणि रांगेतल्या पुढच्या गाडीची काच चार बोटं खाली सरकलेली. आतून कार्ड बाहेर येतं. रेनकोटातला पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं स्वाइप मशीन पोटाशी धरून कार्ड खाचेत खुपसतो आणि विचारतो, "पिन कितें, बाब?" आतून चार आकडे येतात, पावसावर मात करतील इतक्या खणखणीत आवाजात. मागचे स्कूटरवाले ऐकतात, हवा भरणारा ऐकतो, पलीकडच्या रांगेतला रिक्षावाला ऐकतो. कुणीही मान वळवून बघत नाही. पावती फाटते, कार्ड आत जातं, काच वर होते, गाडी हायवेला लागते. घडलं ते एवढंच. पण ते चार आकडे पुढे कितीतरी वेळ कानात वाजत राहतात, आणि त्याहून जास्त टोचतं ते आजूबाजूच्या कुणालाच काही न वाटणं. देशभरातल्या बँकांनी कोट्यवधी कार्डं बदलून लोकांच्या हाती चिपचा जो सोनेरी चौकोन दिला, त्याच्या सुरक्षेची अर्धी भिंत त्या चार आकड्यांवर उभी आहे. ती इतक्या सहज, काच खाली करून, कुणीतरी पाडून गेलं.

जुन्या कार्डाच्या पाठीवरच्या काळ्या पट्टीचा दोष असा की ती कुणालाही, कधीही, तेच सांगायची. कार्डाचा नंबर, मुदत, तीन आकडी सेवा-कोड आणि पडताळणीचा एक आकडा. आज तेच, उद्या तेच, दुकानातल्या मशीनला तेच आणि चोराच्या मशीनलाही तेच. एटीएमच्या तोंडावर बसवलेला स्किमर ते एकदा उतरवून घ्यायचा, वर लपवलेला कॅमेरा पिन टिपायचा, आणि कोऱ्या कार्डावर तीच पट्टी उमटवली की काम फत्ते. आपल्या किनारपट्टीवरच्या एटीएमांत असले स्किमर सापडल्याच्या, त्यापायी अटका झाल्याच्या बातम्या गोव्यातल्या पेपरांनी छापलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०१५ मध्ये चिपची कार्डं देण्याचा आदेश काढला आणि जुनी पट्टीवाली कार्डं बदलून घ्यायला ३१ डिसेंबर २०१८ ही शेवटची तारीख ठरवली, ती या उतरवण्यावर उपाय म्हणून.

चिपचा मामला वेगळा. मुळात सोनेरी दिसते ती चिप नव्हेच, ती तिची संपर्काची पाटी, सहा किंवा आठ कप्प्यांची. खरी चिप तिच्या मागे, पाऊण मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकात रुतवलेली, केसाहून बारीक तारांनी पाटीला जोडलेली. तिला बॅटरी नसते. कार्ड खाचेत गेलं की मशीनमधले स्प्रिंगचे काटे त्या कप्प्यांवर टेकतात. एका कप्प्यातून वीज येते, एकातून घड्याळाचे ठोके, एकातून 'जागी हो' असा इशारा, आणि पुढचं सगळं बोलणं-ऐकणं एकाच कप्प्यातून चालतं. मशीन चिपला रक्कम सांगतं, तारीख सांगतं, रुपयाचा ३५६ हा चलन-कोड सांगतं आणि वर एक आकडा देतं जो आधी कुणालाच ठाऊक नसतो. चिप आपला व्यवहारांचा गणक एकानं पुढे सरकवते आणि पोटातल्या गुप्त किल्लीनं या सगळ्यावर आठ बाइटांची मोहोर उठवते. किल्ली कधीच बाहेर येत नाही, बाहेर येते ती मोहोर. बँक आपल्याकडच्या किल्लीनं तेच गणित करून बघते, जुळलं तर होकार देते, आणि होकारावर स्वतःची मोहोर लावून पाठवते. बँकेची ती मोहोर मग चिप तपासते. पडद्यावर 'कार्ड काढू नका' असं दिसतं त्या दोन-चार सेकंदांत हे सगळं उरकतं. घाईनं कार्ड ओढलं की घोटाळा होतो तो नेमका इथे. बँकेनं होकार दिलेला, खात्यातून पैसे कापलेले, आणि मशीन म्हणतं व्यवहार फसला. असे पैसे पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. काउंटरवर हुज्जत घालणाऱ्यांना तो क्वचितच माहीत असतो, काउंटरमागच्यांना त्याहून क्वचित.

म्हणजे आजची मोहोर उद्या चालत नाही, पाचशेची सहाशेला चालत नाही. चिपमधला पडताळणीचा आकडासुद्धा पट्टीवरच्या आकड्याहून मुद्दाम वेगळा ठेवतात, जेणेकरून खाचेत घुसवलेल्या कागदासारख्या पातळ उपकरणानं चिपचं बोलणं ऐकलं तरी त्यावरून पट्टीचं बनावट कार्ड चालू नये. अर्थात बँक तो आकडा तपासत असेल तरच.

चिपचं काम एका वाक्यात सांगायचं तर साक्ष देणं: हेच कार्ड, या क्षणी, या मशीनमध्ये होतं.

गोव्यात या साक्षीचा पहिला वैरी मात्र चोर नसतो, खारी हवा असते. किनाऱ्यावरच्या शॅकमधलं, म्हणजे हंगामी झोपडी-हॉटेलातलं, स्वाइप मशीन मे अखेरीला शॅक मोडताना पत्र्याच्या पेटीत जातं आणि ऑक्टोबरात बाहेर येतं, तेव्हा पहिलं कार्ड हमखास वाचलं जात नाही. कार्डाच्या पाटीवर सोन्याचा मुलामा असतो, त्याला गंज चढत नाही. पण रोजच्या घासण्यानं तो पातळ होतो आणि खालचं निकेल उघडं पडतं. मशीनच्या खाचेतले काटे तर दिवसभर शेकडो कार्डं झेलतात, त्यांच्यावर मीठ, वाळू, सनस्क्रीनचं तेल आणि रव्यात तळलेल्या मासळीच्या हातांचा ओशटपणा असा थर बसतो. वेटर कार्ड शर्टाला पुसतो, पुन्हा घालतो, मग फुंकर मारतो. फुंकर सर्वांत वाईट, कारण तोंडातली वाफ त्याच थरावर जाऊन बसते. कार्ड पुसायचं तर सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब पुरतात. खोडरबरानं घासायचा जुना उपाय मुलामा खातो, आणि ग्लिसरीनवालं सॅनिटायझर नवा थर चढवतं. मशीनसाठी त्याच अल्कोहोलात भिजवलेली सफाईची कार्डं मिळतात, खाचेत दोन-तीनदा आत-बाहेर केली की काटे उजळतात. पण ती मागवून ठेवणारा शॅकवाला विरळा. पाकीट मागच्या खिशात ठेवून स्कूटरवर बसणाऱ्यांच्या चिपा वेगळ्याच रोगानं जातात: कार्ड वाकतं, आतली बारीक तार तुटते, आणि वरून सगळं ठीक दिसत असताना कार्ड कायमचं गप्प होतं. त्यावर पुसणं नाही, फुंकर नाही, नवीन कार्डच.

चिप वाचली जाईना की पूर्वी सर्रास पट्टी ओढायचे. आता पट्टीवरच्या सेवा-कोडाचा पहिला आकडा २ किंवा ६ असला की मशीनला कळतं, या कार्डाला चिप आहे, आणि ते 'कार्ड आत घाला' म्हणून अडून बसतं. चिप वारंवार फसल्यावर मशीननं पट्टी घेतलीच, तरी तो व्यवहार 'चिप असूनही पट्टी' अशा शिक्क्यासह बँकेकडे जातो आणि बऱ्याच बँका तिथेच तो नाकारतात. नाकारतात ते बरंच करतात. चिप मुद्दाम बिघडवून पट्टीवर यायचं, ही ठगांची जुनी युक्ती.

खारटलेल्या खाचेवर सोपा उतारा म्हणजे टॅप, कार्ड आत न घालता मशीनला नुसतं टेकवणं. कार्डावर चार कमानींची खूण असेल तर प्लास्टिकच्या आत कडेकडेनं तांब्याच्या तारेचा वेढा असतो. मशीनच्या १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींतून चिप वीजही घेते आणि बोलतेही. पाटी कितीही मळलेली असो, टॅपला फरक पडत नाही. १ जानेवारी २०२१ पासून ५००० रुपयांपर्यंत टॅपला पिन लागत नाही, त्यापुढे टॅप करून पिन. यावरून एक धास्ती पसरलेली आहे, की गर्दीत कुणी खिशाला मशीन लावून पैसे उकळेल. शिरगावच्या लईराईच्या जत्रेच्या रेट्यात हे अशक्य नाही, पण चोरासाठी तो आतबट्ट्याचा धंदा आहे. पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर, पाकिटात दोन कार्डं असली की दोन्ही एकदम उत्तर देतात आणि मशीन गोंधळतं, आणि पैसे जातात ते केवायसी झालेल्या कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या खात्यात, नाव-पत्त्यासकट. खरी गळती दुसरीच. एनएफसी, म्हणजे हीच टॅपची सोय, असलेला साधा मोबाइल कार्डाला टेकवला तर बऱ्याच कार्डांचा नंबर आणि मुदत त्यावर दिसते. आपल्याकडच्या वेबसाइटला ओटीपी लागतो म्हणून तेवढ्यानं काही होत नाही. परदेशातल्या कित्येक वेबसाइटना ओटीपी लागत नाही. म्हणून टॅपच्या भीतीनं पाकिटाला चांदीचा कागद लावण्यापेक्षा बँकेच्या ॲपात जाऊन कार्डाच्या सेटिंगमध्ये आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे ना ते बघावं. २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएम आणि स्वाइप मशीनपुरतं चालू असतं. ऑनलाइन, परदेश, टॅप हे तिन्ही आपण मागितले तरच सुरू होतात, आणि प्रत्येकाची रोजची मर्यादा स्वतंत्र लावता येते. टॅपला २००० ची, ऑनलाइनला शून्य आणि खरेदीच्या वेळी तेवढी वर, असं ज्यांनी करून ठेवलंय ते सुखी. बाकीच्यांचं सगळंच चालू असतं, कारण कार्ड देताना काउंटरवरच्या पोरीनं 'सगळं ऑन करू ना?' विचारलेलं असतं आणि मान डोलावली गेलेली असते.

आता ते चार आकडे.

नुसता पिन ऐकून रिक्षावाल्याच्या हाती काही लागत नाही. त्याला कार्ड हवं. नुसतं कार्ड सापडून चोराला एटीएममधून पैसे मिळत नाहीत. त्याला पिन हवा. चिपची सगळी मांडणी हातातली एक वस्तू आणि डोक्यातली एक गोष्ट या जोडीवर आहे. पिन मशीनवर दाबला की तो तिथल्या तिथे सांकेतिक होतो, मशीनवाल्याला दिसत नाही. मशीन उघडायचा प्रयत्न केला तर आतल्या किल्ल्या स्वतःहून पुसल्या जातात. एवढा बंदोबस्त करून झाल्यावर आपण तो आकडा मोठ्यानं सांगतो, तेही त्याच माणसाला ज्याच्या हातात कार्ड आहे. कार्डाच्या पाठीवर तीन आकडी सीव्हीव्ही छापलेला असतो, तो पाठ करून खरवडून टाकलेला बरा, हे त्यासाठीच. मशीन आता सिमकार्डावर चालतं, टेबलापर्यंत येतं, गाडीच्या काचेपर्यंत येतं. पिन सांगण्याचं कारण कधीच संपलं, सवय तेवढी उरली.

नुकसान होतं तेव्हा या सवयीची किंमत कळते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात सरळ लिहिलंय: चूक बँकेची नाही, गिऱ्हाईकाची नाही, मधल्या कुठल्यातरी यंत्रणेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर गिऱ्हाईकाला तोशीस शून्य. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांची. पण पिन स्वतः कुणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान गिऱ्हाईकाचं. दोष गिऱ्हाईकाचा असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकलेली आहे, पण बँक सिद्ध करायला काय आणते? चिपचीच मोहोर, आणि बरोबर पडलेला पिन. जी साक्ष चोरापासून राखण करते तीच अशा वेळी खातेदाराविरुद्ध उभी राहते. कार्ड तुमचंच होतं, पिन तुमचाच होता, मग दुसरं कोण? पट्टीच्या जमान्यात 'कुणीतरी माझ्या कार्डाची नक्कल केली' असं म्हणायला जागा होती. चिपनं नक्कल जवळजवळ अशक्य केली आणि ती जागाही नेली. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये चोरलेलं चिपकार्ड चुकीच्या पिनवरही चालवून दाखवलं होतं. ते पिन कार्डातच तपासणाऱ्या पद्धतीतल्या फटीमुळे. आपल्याकडे पिन सहसा बँकेच्या सर्व्हरवर तपासला जातो, तिथे ती युक्ती लागू पडत नाही. तरी 'साक्ष खोटी असूच शकत नाही' असं छातीठोक सांगणाऱ्या मॅनेजरपुढे ती आठवण ठेवायला हरकत नाही. पैसे गेलेच तर क्रम ठरलेला: आधी ॲपमधून कार्ड बंद, मग बँकेला फोन करून तक्रार क्रमांक, मग लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता येतात का, हा सगळा मिनिटांचा खेळ आहे.

पण पिन सांगणारे सगळे बेफिकीर असतात असं मानणं अन्यायाचं होईल. गोव्यातल्या घराघरांत तारवटी आहेत. मुलगा जहाजावर, कार्ड आईच्या बटव्यात, पिन कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला. पगार त्याच्या खात्यात पडतो आणि घर त्या कार्डावर चालतं. आई एटीएममध्ये जाते तेव्हा नातू सोबत जातो आणि आकडे तोच दाबतो. बँकेच्या कायद्यात हा सरळ निष्काळजीपणा, घरच्या भाषेत विश्वास. आणि पैसे कापल्याचा एसएमएस जातो तो मुलाच्या फोनवर, जो भर समुद्रात रेंजबाहेर असतो. यावर तोडगा आहे आणि तो अगदी साधा आहे: आईच्या नावे वेगळं किंवा संयुक्त खातं, त्यावर तिचं स्वतःचं कार्ड, तिचा स्वतःचा पिन, तिच्या मोबाइलवर एसएमएस, एटीएमची रोजची मर्यादा १०,०००, आणि मुलाच्या मोठ्या खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम तिकडे. जहाजावर वायफाय धरून ईमेल येतो म्हणून मुलाच्या खात्याला ईमेलचा अलर्टही जोडून घ्यावा. हे करायला बँकेत एक सकाळ जाते. ती सकाळ बहुतेकांना सापडत नाही, कारण सुट्टीवर आलेल्या मुलाला लग्नं असतात.

साक्षीची दुसरी बाजू खाजगीपणाची, आणि तिच्याबद्दल बोलायला लोक जरा कचरतात. गावच्या पसऱ्यावर, म्हणजे किराणा दुकानात, उधारीची वही असायची. कुणी किती साखर नेली ते पसरकाराला ठाऊक, पण हिशेब चुकता झाला की पानावर आडवी रेघ पडायची आणि दोन पावसाळ्यांनी ती वही वाळवीच्या पोटात जायची. कार्डाच्या व्यवहाराला वाळवी लागत नाही. प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्ग-कोड असतो: पेट्रोल ५५४१, औषधाचं दुकान ५९१२, बार ५८१३, बाटलीबंद दारूचं दुकान ५९२१, कॅसिनो आणि जुगार ७९९५, देवस्थानं आणि चर्च ८६६१. एका माणसाचा महिना या आकड्यांतच मांडता येतो: शनिवारी मांडवीतलं कॅसिनोचं जहाज, रविवारी सकाळी देणगी, सोमवारी औषधं. घरकर्जासाठी सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेत द्यावं लागतं तेव्हा ते वाचणारा माणूस हे सगळं वाचतो. गावात सगळ्यांना सगळं माहीत असतंच, मग लपवायचं काय, असं कुणी म्हणेल. पण गावाला ऐकीव माहीत असतं, त्यात भर असते, वजावट असते, आणि कानावर हात ठेवण्याची सोयही असते. स्टेटमेंटवर वेळ असते.

काही कुंपणं झाली आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्डाचा नंबर साठवून ठेवायला बंदी आहे. त्याऐवजी त्या दुकानापुरता चालणारा टोकन-क्रमांक बनतो, तो चोरीला गेला तरी दुसरीकडे कामाचा नाही. व्यवहारांची माहिती देशातच ठेवायची, असा आदेश २०१८ चा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. ही सगळी कुंपणं बाहेरच्यांसाठी. बँक आत असते.

२०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीच्या धामधुमीत, ३१ डिसेंबरपासून गोवा देशातलं पहिलं कॅशलेस राज्य होणार अशी घोषणा झाली, तेव्हा मासळीबाजारात हशा पिकला यात नवल नव्हतं. साध्या फोनवरून *९९# दाबून पैसे द्यायचे होते, आणि समोर सुंगटं तोलणारी बाई ओल्या हातांनी. पुढे 'कॅशलेस'चं 'लेस कॅश' झालं. गंमत म्हणजे हातगाड्यांपर्यंत कॅशलेस शेवटी पोचलं ते कार्डावरून नव्हे. स्वाइप मशीनला भाडं, आणि रुपे सोडून बाकीच्या डेबिट कार्डांवर लहान दुकानदाराकडून ०.४० टक्के, मोठ्याकडून ०.९० टक्के कापून घेण्याची मुभा. क्रेडिट कार्डावर त्याहून जास्त. तेच 'कार्डाला दोन टक्के एक्स्ट्रा' होऊन गिऱ्हाईकाच्या माथी येतं, जे डेबिट कार्डावर तरी मुळीच चालत नाही. क्यूआरच्या कागदाला यातलं काही लागत नाही. यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराचा कट शून्य. त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरचीच्या ढिगावर क्यूआर आहे, चिपची खाच नाही.

आणि तोही नेहमी चालत नाही. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी यूपीआय देशभर अडखळलं तेव्हा कार्डवाले तरले आणि क्यूआरवाले एकमेकांकडे बघत राहिले. चतुर्थीच्या आदल्या दिवसांत डिचोली, साखळी, फोंड्याला माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या रानफळांचा, बाजार भरतो, तेव्हा वेगळंच. सत्तरीच्या रानातून कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, सुपारीची कात्री घेऊन आलेल्या माणसाकडे क्यूआर असलाच तर तो भाच्याच्या खात्याचा, आणि भाचा कामावर. त्यात एका टॉवरवर सगळा तालुका लोटलेला, वर पाऊस. वीस रुपयांच्या वाट्यासाठी फोन वर धरून फिरणारी माणसं दरवर्षी दिसतात. तिथे दहा, वीस, पन्नासच्या नोटा हव्यात, आणि त्या एटीएममध्ये मिळत नाहीत. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये एटीएमांत १०० किंवा २०० च्या नोटा ठेवायला बजावलं, पण त्याखालचं सुटं काउंटरवरच मागावं लागतं. ते सणाच्या आठवड्यात नको, आधीच्या आठवड्यात आणावं, नंतर कॅशियरच्या खणातही पाचशेच उरतात. आणि काउंटरवर पैसे काढायला अजून स्लिप भरावी लागते, सहीची.